पाठिंब्याला पोर्तुगीज शब्द

साखर कारखान्याचे चेअरमन बाळासो ब्राझीलच्या अभ्यासदौऱ्याला निघाले. त्यांच्या इंग्रजी परिचयपत्रात 'ग्राउंडस्वेल' होतं, म्हणजे लोकांतून आपसूक उसळलेला पाठिंबा. पोर्तुगीज भाषांतर करणाऱ्या मैथिलीला त्याला नेमका शब्द सापडेना.

"मॅडम, उद्या सभेला या की! पाठिंबा डोळ्यानं बघा, शब्द आपोआप सुचंल," चेअरमन म्हणाले.

सभेला कारखान्याच्या ट्रॅक्टरांतून माणसं आली, तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावर तुटून पडली आणि साहेबांनी माईक धरताच चपला शोधू लागली.

मैथिलीनं जे बघितलं तेच पोर्तुगीजमध्ये उतरवलं. पत्र ब्राझीलला गेलं.

 

तिथून उत्तर आलं, "असा पाठिंबा आमच्याकडंही असतो. फक्त आम्ही जेवण भाषणानंतर वाढतो."