पार्किंगमधली हलगी

बारा वर्षं लॅपटॉपवर नाचाचं संगीत बनवून कोल्हापूरच्या तिघा दोस्तांच्या ग्रुपचं नाव युरोपात पोचलं होतं. तिथल्या कंपनीला संध्याकाळपर्यंत हलगीचा ट्रॅक हवा होता, नाहीतर करार रद्द. ग्रुपच्या सम्राटनं कागलहून हलगी वाजवणाऱ्या भाऊसोमामांना बोलावलं, पण कोल्हापुरातल्या स्टुडिओत हलगी ओल्या पुठ्ठ्यासारखी वाजली. "मामांचं वय झालं," बाकीचे दोघे कुजबुजले. "वय न्हवं, एसी नडतोय. कातडं गारठलंय," म्हणत मामांनी पार्किंगमध्ये लाखाच्या स्पीकरचा रिकामा खोका पेटवला आणि हलगी शेकली. सम्राट रेकॉर्डर घेऊन धावला. पहिली टिपरी पडली आणि उभ्या गाड्यांचे अलार्म बोंबलले, वॉचमन आपोआप उभा राहिला. सम्राटच्या अंगावर सरसरून काटा आला. असला ठोका त्याच्या कुठल्याच मशीनमध्ये नव्हता. मामा थांबले. "आलं न्हवं समदं?" "न्हाय मामा. बटणच दाबलं न्हाय." "काय करत हुतास मग?" "ऐकत हुतो."