साबणवाली

"हात धुतलेस?" मोठ्या सिस्टरांनी तिला वॉर्डाच्या दारातच अडवलं.

"धुतले, सिस्टर."

"कशानं? त्या तुझ्या घरच्या वडीनं?"

नव्या नर्सनं मान डोलावली. वॉर्डातल्या साबणानं तिच्या हातांना पुरळ यायचं, म्हणून ती डबीत स्वतःची वडी घेऊन यायची. डॉक्टरांची चिठ्ठीही आणली होती. मोठ्या सिस्टरांनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणे पुरळ! मोठी राजकन्याच लागून गेली! त्यांनी तिला साबणवाली म्हणायला सुरुवात केली आणि वॉर्डभर तेच नाव झालं.

आठवड्यात तीन पेशंटचे टाके पिकले होते. का, ते शेंबडं पोरही सांगेल: ती घरची वडी! मोठ्या सिस्टरांचा वॉर्ड म्हणजे आरसा. अर्ध्या झालेल्या साबणाच्या बाटल्या रोज सकाळी त्या स्वतः काठोकाठ भरायच्या. वीस वर्षांत बेसिनवर एकही बाटली रिकामी दिसली नाही, हे येईल-जाईल त्याला ऐकवायच्या. हातमोज्यांना नाक मुरडायच्या. ज्यांना हात धुता येत नाहीत, त्यांनी घालावेत!

आता सात नंबरच्या खाटेवर त्यांची सख्खी ताई होती. पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं. तिचं ड्रेसिंग त्या दुसऱ्या कुणाला करूच देत नसत. कोपरापर्यंत हात चोळून धूत, मगच टाक्यांना लावत.

"सिस्टर, ताईंचे टाके लाल दिसतायत," साबणवाली दुपारी हळूच म्हणाली. "अंगात कणकण आहे म्हणाल्या."

"कालची पोर, मला शिकवतेस? माझ्या ताईच्या खाटेपाशी फिरकायचं नाही. सगळ्यांच्या हातांचे नमुने मीच पाठवलेत तपासायला. येऊ दे रिपोर्ट, मग बघ कशी घरी बसवते तुला."

तेवढ्यात लॅबमधून फोन आला. मोठ्या सिस्टरांनी साबणवालीला हातानंच थांबवलं आणि फोनचा स्पीकर लावला. ऐकू दे तिलाही.

"सिस्टर, फक्त नव्या नर्सचे हात स्वच्छ निघाले. बाकी सगळ्यांच्या हातांवर पिकलेल्या टाक्यांतलाच जंतू आहे, तुमच्याही. बेसिनवरच्या बाटल्याही आम्ही तपासल्या, त्यांतच आहे तो. न धुता नुसत्या वरून भरत होतात का? तळाशी थर साचलाय."

फोन हातातच राहिला. सात नंबरवरून ताईनं हाक मारली.

"अगं, हुडहुडी भरलीय बघ. टाके बघतेस जरा? पण तूच ये हो, त्या साबणवालीला नको पाठवूस."