पंचाहत्तरच्या चार नोटा

आईनं चारही नोटा काउंटरवर पत्त्यांसारख्या पसरल्या आणि चष्मेवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सरकारनं कुठल्याशा पंचाहत्तरीनिमित्त काढलेल्या, जांभळ्याजर्द, नेहमीच्या नोटेपेक्षा बोटभर लांब, कोपऱ्यात ठसठशीत पंचाहत्तर. आता हा डोळे विस्फारणार, मग विचारणार, कुठून हो मिळाल्या? उत्तर तिनं वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

शेजारच्या उंच स्टुलावर लेक बसली होती. आयुष्यातला पहिला चष्मा नाकावर आल्यापासून तिचं तोंड बंद नव्हतं.

"आई, समोरच्या भिंतीवर लिहिलंय, 'येथे सायकल लावू नये.' आणि खाली सायकलच आहे! आई, तुझ्या गालावर तीळ आहे!"

"तो जन्मापासून आहे गं."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

चष्मेवाला हसला नाही. त्यानं काउंटरच्या काचेखाली बोट दाखवलं. आत तशीच एक जांभळी नोट पडली होती.

"ही दोन महिन्यांपूर्वी मी घेतली, ताई. किराणावाला घेत नाही, बसवाला घेत नाही. शेवटी मालकांनी माझ्या पगारातून कापली. साधे पैसे नाहीत का?"

"अहो, खोटी नाहीये ती."

"खोटी कोण म्हणतंय? बँक घेईल ना, पण मला दुकान सोडून जाता येत नाही. उद्या दहाला उघडते."

उद्या नऊला लेकीची परीक्षा होती. नंबर लागला तर मोठ्या शाळेत फी माफ. प्रश्न फळ्यावर लिहून देणार, चष्म्याशिवाय पाठवू नका, असं शाळेतल्या बाईंनी दोनदा बजावलं होतं. पगाराला अजून चार दिवस होते. आई समोरच्याच हॉटेलात चहा-खाणं वाढायची, पण तिथल्या गल्लेवाल्यानं या नोटांच्या बाबतीत केव्हाच कानाला खडा लावला होता.

"आज घेऊन जाऊ द्या. उद्या दुपारी धावत येऊन पैसे देते."

"मालक रोज रात्री आठला येऊन एकेक फ्रेम मोजतात, ताई. मी नोकर माणूस."

"आई, ते बघ!" लेक स्टुलावर जवळजवळ उभीच राहिली. "काठीवाले, ते तुझे नोटवाले काका ना? त्यांना मिशा आहेत! आजोबा! ओ आजोबा!"

हॉटेलातून घरी निघालेले काका हाक ऐकून आत आले. त्यांच्या चहाचं बिल मुलगा महिन्याचं महिन्याला भरायचा. त्यांच्या खिशात असायचं ते फक्त एक पॅड, या कोऱ्या जांभळ्या नोटांची एक कड डिंकानं चिकटवून केलेलं. चहा झाला की कॅलेंडरचं पान फाडावं तशी ते एक नोट फाडायचे आणि टीप म्हणून बशीखाली सरकवायचे. शेजारच्या टेबलावरची माणसं माना उंचावायची. "हात लावून बघा, चावत नाही," काका म्हणायचे, आणि पुढे दिवसभर खूश असायचे. आचाऱ्यानं त्याची नोट कपाटाच्या दाराला चिकटवली होती. आईनं मात्र आपल्या चारही उशीच्या अभ्र्यात जपल्या होत्या. मोडायला जीव होत नव्हता, आणि आज केवढ्या हौसेनं मोडायला काढल्या होत्या.

"घेत नाही म्हणजे?" सगळं ऐकून काकांनी काठी आपटली. "सरकारनं छापलीय! घ्यावीच लागेल!"

"मी कुठे नाही म्हणतो, काका. पुढे माझ्याकडून कोण घेणार, एवढंच सांगा."

काकांनी पॅड काढलं. "चार कमी पडतात का? ही पाचवी घे." चर्र. "ही सहावी." चर्र. "वरचे तुला ठेव. तुझी टीप."

काउंटर जांभळा होत चालला. चष्मेवाल्यानं हात जोडले. "नका हो काका. आधीच्याच खूप झाल्यात."

काका थांबले. दोन्ही खिसे त्यांनी उलटे केले. रुमाल, किल्ली, गोळ्यांची अर्धी पट्टी. मग मुलाला फोन लावला. घंटा वाजत राहिली ती सगळ्यांना ऐकू येत होती. आपोआप बंद पडेपर्यंत त्यांनी फोन कानाला धरून ठेवला.

"कामात असेल," ते आईला म्हणाले. "मला वाटायचं, तुम्ही सगळे या नोटांनी काहीतरी आणत असाल."

"आणतो ना, काका," आई म्हणाली.

चष्मेवाल्यानं घड्याळाकडे पाहिलं. आठला दहा कमी होते. काउंटरमागून तो बाहेर आला, वाकला, आणि झोपलेल्या बाळाच्या मुठीतलं खेळणं सोडवावं तसा त्यानं लेकीच्या कानांवरून चष्मा अलगद उचलला. काचा पुसल्या. डबीचं झाकण टक् करून लागलं. लेकीनं आईची बोटं शोधून घट्ट धरली.

काकांना ते बघवेना. त्यांनी पॅडची वरची नोट फाडली आणि तिच्या मोकळ्या हातात ठेवली. "ही तुला हो बाळ. आजोबांकडून."

तिनं नोट नाकाला टेकेपर्यंत जवळ नेली. दिव्याकडे धरली, उलटी करून पाहिली, पुन्हा सुलटी केली. तिघंही तिच्याकडे बघत होते.

"खूप छान आहे, आजोबा," ती म्हणाली. "यात घर आहे की होडी?"