नवा बोर्ड

“त्या तारेला हात लावू नका, बाई.”

मृणालिनीने हात मागे घेतला. “पण ही तार कशाची आहे, साहेब?”

“आता आठवत नाही,” मनमोहन धैर्यवान शांतपणे म्हणाले. “काढली की शिवडीच्या गोदामाचा माल हिशेबात येत नाही. म्हणून ठेवलीय.”

परळच्या त्या कापड कंपनीत भोकं पाडलेल्या कार्डांवरून हिशेब करणारं मशीन होतं. कुठल्या गोदामात किती गाठी आल्या, किती गेल्या, किती उरल्या, हे ते छापून द्यायचं. काय मिळवायचं आणि काय वजा करायचं, ते ठरायचं मशीनमध्ये बसवलेल्या एका बोर्डावर. बोर्डाला शेकडो भोकं आणि या भोकातून त्या भोकात खोचलेल्या तारा. नवं गोदाम उघडलं की खात्याचे प्रमुख मनमोहनराव एक तार वाढवायचे. कापडाचा नवा प्रकार आला की आणखी दोन. जुनी काढायची नाही, वरून नवी टाकायची, सध्यापुरती. अशा सध्यापुरत्या तारांचं आता गुंतवळ झालं होतं. एवढासा बदल करायचा तरी आठवडा मोडायचा, आणि एक दुरुस्त करावं तर दुसरीकडे काहीतरी बिघडायचं.

मृणालिनी गिरगावातली, गणित घेऊन बी.एससी. झालेली. तिला ते बघवेना.

“सगळं सोडवून नव्याने बांधू या, साहेब.”

“दिवाळी होऊ दे.”

दिवाळी झाली. मग मनमोहनराव म्हणाले, मार्चअखेर होऊ दे. मग संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे सुरू झाले, हरताळ झाले, लालबागकडून येणाऱ्यांना कचेरी गाठणं मुश्कील झालं. ते म्हणाले, हे जरा निवळू दे. शेवटी मृणालिनी त्यांना ओलांडून थेट मॅनेजरकडे गेली. मॅनेजर इतका खूश झाला की तिलाच नवल वाटलं. त्याने तिला कोरा बोर्ड मागवून दिला.

तिने एकेक तार मुळापासून लावली. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. शेवंती कार्डं पंच करून द्यायची. लालबागची ही पोरगी मॅट्रिक होऊन कामाला लागली होती. तिचे वडील छातीच्या दुखण्याने गिरणी सोडून घरी बसलेले, त्यामुळे सगळं घर तिच्याच जिवावर चाललेलं. नवा बोर्ड चढवून जुन्या-नव्या बोर्डांचे हिशेब ताडून पाहिले, तेव्हा आकड्याला आकडा जुळला.

“बाई, आता मलापण समजतं मशीन काय करतंय ते!” शेवंती म्हणाली. “नव्या पोरी आल्या की मीच शिकवणार त्यांना.”

मनमोहनराव बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिले. “सुंदर झालाय,” म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले. मृणालिनीला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं.

शुक्रवारी कलकत्त्याहून मालकांची माणसं बोर्ड पाहायला येणार होती. आदल्या दिवशी मॅनेजरचा कारकून कमलाकांत तिला जिन्यात भेटला.

“काय बाई, मशीन चाललं तुमचं कलकत्त्याला!”

“म्हणजे?”

“तुम्हाला ठाऊक नाही? मुंबईचं काय होणार याची मालकांना धास्ती बसलीय. हिशेबाचं खातंच हलवायचं कधीपासून घाटतंय. पण ते जंजाळ धैर्यवानांशिवाय कुणाला कळणार? म्हणून अडलं होतं. आता तुमचा बोर्ड काय, उचलला आणि कुठेही लावला. उद्या नीट चाललं की सही होणार. नाही चाललं, तर ते तिकडच्या हिशेबापुरतं तिकडेच दुसरं मशीन भाड्याने घेणार, आणि हे मशीन नि खातं राहणार इथेच.”

“आणि इथली माणसं?”

कमलाकांत कठड्यावरून हात फिरवत खाली उतरून गेला.

आपण काय करणार आहोत ते मनमोहनरावांना सांगावं का? ते लवकरच निवृत्त व्हायचे होते. त्यांना कळलं तर तेही दोषी ठरतील. काय व्हायचं ते आपल्या एकटीच्या नावावर होऊ दे, असं तिने ठरवलं.

शुक्रवारी ती सगळ्यांच्या आधी आली. आवक आणि जावक या दोन तारा शेजारी-शेजारी होत्या, दोन्ही पिवळ्या. घाईत कुणाचीही चूक व्हावी अशीच जागा. आलेला माल वजा होईल, गेलेला जमा होईल, सगळं हसं होईल. तिने दोन्ही टोकं उपसली, एकीच्या जागी दुसरी खोचली आणि चिठ्ठ्याही बदलल्या. स्वतः काढलेली रांगोळी स्वतःच्या पायाने विस्कटावी तसं तिला वाटलं.

दुपारी ती शेवंतीबरोबर गॅलरीत डबा घेऊन बसली.

पाहुणे आले. कार्डांचा गठ्ठा लागला. मशीन धडधडू लागलं, कागद सरकत बाहेर आला. मृणालिनी खाली मान घालून उभी होती. पाहुण्यांपैकी एकाने गोदामांच्या शिलकेशी आकडे ताडायला घेतले. शिवडी. कॉटन ग्रीन. माझगाव.

“बरोबर,” तो म्हणाला. मग पुन्हा, “सगळं बरोबर.”

मॅनेजरने टाळी वाजवली. सगळ्यात जोरात टाळ्या शेवंतीने वाजवल्या. मृणालिनीने कागद ओढून घेतला. एकही आकडा चुकला नव्हता. सकाळी आपण खरंच आलो होतो ना, असं तिला वाटलं.

पाहुणे सही करायला मॅनेजरच्या खोलीत गेले. पोरी चहाला पांगल्या. मनमोहनराव मशीनपाशी स्टुलावर बसून होते. त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“बाई, मला क्षमा करा,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “खातं इथेच राहावं म्हणून तुमचंच काम बिघडवा असं तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार होतो मी? तुम्ही जेवायला गेलात तेव्हा मी त्या आवक आणि जावकच्या तारांची अदलाबदल करून ठेवली होती. तरी हिशेब बरोबर आला कसा?”