सगळं जमणारी

त्या दिवशीही बाबांनी बाइंडिंगच्या कारखान्यात कामं वाटली. चिकटोबाला खळ दिली, कारण तो थेंबही वाया घालवणार नव्हता. बडबड्या काकूंना गिऱ्हाइकांपुढे बसवलं. सगळे ज्याला गोगलगाय म्हणत, त्याला शिवण दिली. "घाईनं शिवलेलं पुस्तक लवकर सुटतं," बाबा म्हणाले. "आणि मी?" मी विचारलं. "तुला काय, सगळंच जमतं," म्हणत त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. दुसऱ्या सकाळी ते उठलेच नाहीत. स्मशान, भेटायला येणारी माणसं, आईची औषधं, सगळं मीच निभावलं. जमतं ना मला. आज कारखान्याच्या दारात तिघं वाट पाहत उभी होती आणि कुलूप उघडेना. किल्ली फिरवून बोटं लाल झाली. "द्या ताई, सावकाश फिरवावी लागते," गोगलगाय म्हणाला. "जमेल" हा शब्द सवयीनं ओठांवर आला. मी किल्ली त्याच्यापुढे धरली. "नाही जमत मला."