झोळीतला साहेब

आबेओकुटा शहरातल्या एका हॉटेलात म्हातारे ओयेदिरान मास्तर रोज येत आणि भिंतीवरच्या जुन्या चित्रासमोर लोटांगण घालत. चित्रात इंग्रज साहेब हमालांच्या खांद्यावरच्या झोळीत पहुडलेला होता. खाली त्याचं नाव छापलं होतं, त्याच्या कुत्र्याचंही.

"बाबा, साहेब गेला, राज्य गेलं, तुमची कंबर काही सरळ होईना!" मालकीण मोरेनिके वैतागली. "आज जाळूनच टाकते ती फ्रेम."

"नको गं पोरी!" मास्तर धडपडत उठले. त्यांनी पुढच्या हमालाच्या गालावर बोट टेकवलं. घराण्याची खूण म्हणून लहानपणी पाडतात ते व्रण तिथे होते, हुबेहूब मास्तरांच्या गालांवरच्यासारखे.

 

"आजोबा आहेत माझे. साहेबाला खांदा देऊन निघाले, ते अजून घरी पोचलेले नाहीत."