मुलीच्या नावावरचं रक्त

मुलाची आई कुमुदताई यांनी पत्रिका बाजूला ठेवली. छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. मग हल्ली प्रत्येक स्थळाला लागतो तो मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट त्यांनी उघडला आणि वाचून चष्मा काढला.

"शरीराच्या पहारेकऱ्यांना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, गप्प बसवणारी प्रथिनं पाचपट वाढलीयेत," त्या म्हणाल्या. "बीजांडकोशाचा कॅन्सर आहे, असं लिहिलंय. आमचा नकार समजा."

मुलगी मृण्मयीने हातातला सरबताचा ट्रे खाली ठेवला. तिची आई शालनताई मात्र हसत पुढे आल्या.

"अहो, ते रक्त हिचं नाहीच. माझी बहीण याच रोगानं गेली, म्हणून हिच्या रिपोर्टात काही निघेल या भीतीपोटी मी हिच्या नावावर माझं रक्त दिलं. मला कसलाच त्रास नव्हता ना. पोरगी ठणठणीत आहे."

"म्हणजे घराण्यातच आहे," असं म्हणून कुमुदताई उठल्या आणि चपला घालू लागल्या.

मृण्मयीने रिपोर्ट पुन्हा वाचला. "आई, मग हा कॅन्सर तुला आहे."

"हो गं, मलाच आहे," शालनताई तिला बाजूला सारत दाराकडे धावल्या. "तेच तर त्यांना सांगतेय."